चार बोटांची फट

मित्रांनो, मी एक रिकामा खुराडा आहे. माझे वय पाच वर्षे. म्हणजे जुना म्हणवून घेण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. पण खुराड्याचे आयुष्य वर्षांवर मोजत नाहीत, आत झोपणाऱ्या जिवांवर मोजतात, आणि त्या मोजणीने माझे आयुष्य यंदाच्या दसऱ्याला संपले. आता माझ्यात फक्त एक कोंबडा राहतो. तो का उरला आणि बाकीच्या बारा जणी का उरल्या नाहीत, हे मला सांगायचे आहे. आमच्या अंगणात या प्रश्नाचे एक उत्तर सर्वांनी मान्य करून टाकले आहे. ते चुकीचे आहे. खुराड्याला पाय नसतात आणि श्रद्धाही नसते. एका जागी उभे राहून पाहणे एवढेच त्याला जमते. म्हणून मी पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगतो.

माझा जन्म मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावपासून तासाभराच्या पायवाटेवरच्या एका बंजारा तांड्यात झाला. मला बांधले लालसिंगने आणि बांधून घेतले त्याच्या सुनेने, उज्ज्वलाने. ती रिठदकडची, बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली, आणि वाशीमला कोंबडीपालनाचे दहा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलेली. तांड्याची आपली बोली गोरमाटी आहे, पण उज्ज्वला शाळेच्या आणि बाजाराच्या वऱ्हाडीत वाढली होती, म्हणून तिच्याशी घरातले सगळे वऱ्हाडीतच बोलत. फक्त सासूला ती तांड्याच्या रीतीने याडी, म्हणजे आई, म्हणे.

लालसिंगने बाभळीचे चार खांब पुरले, फूटभर उंच विटांचा ओटा केला, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कुड विणून तो मातीने लिंपला आणि वर टिनाचे पत्रे टाकायला घेतले. तो पत्रा कुडावर टेकवणार, तोच उज्ज्वला म्हणाली, "बापू, थांबा. कुड आन् टिनाच्या मंधात चार बोटं जागा सोडा. दोन्हीकून. तिथं जाळी ठोकू."

"अवं पोरी, कोंबड्याईले बंगला बांधून राह्यली का तू? खिडक्या पायजेत त्याईले?"

"बंगला नाई, बापू. नाक ठेवून राह्यली. याले नाक नसन, त आतल्याईचं नाक बंद व्हईन."

"म्या अशे पन्नास खुराडे बांधले. एकालेबी नाक नोतं."

"मंग त्यातल्या कोंबड्या दर पावसाळ्यात काहून मरत होत्या?"

लालसिंगने कुडाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले आणि विळ्याने कुडाची वरची चार बोटे कापून काढली. पुराव्यापुढे हार मानलेला या घरातला तो पहिला माणूस. शेवटचाही तोच ठरला. त्याच्या हातून एक चूक मात्र राहिली. मागच्या कोपऱ्यातला पत्रा आखूड पडला आणि तिथे तळहाताएवढे भोक उरले. "पुढं बुजवू," असे तो स्वतःशीच म्हणाला. ते कधी बुजले नाही. या भोकाची नोंद तुम्ही ठेवा. पुढे सगळी कथा त्याच्याभोवती फिरणार आहे.

उज्ज्वला कोंबड्यांसाठी एवढी का झटत होती, हेही सांगायला हवे. तिचा नवरा राजपाल दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. लग्नानंतर तीन हंगाम उज्ज्वला त्या कोयत्याचा अर्धा भाग होती. तिची मुलगी रीता उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचट आणि ताडपत्रीच्या पालात, चालायला शिकली. रीता अंगणवाडीच्या वयाची झाली तेव्हा उज्ज्वलाने राजपालकडून शब्द घेतला: अंड्यांवर घराचा वरखर्च निघेल तोवर ती आणि रीता तांड्यात राहतील, तो चुलतभावाशी जोडी लावून जाईल. ज्या वर्षी कोंबड्या साथ सोडतील, त्या वर्षी तिघेही ट्रकमध्ये. त्यामुळे माझ्या दांड्यांवर रोज संध्याकाळी बारा कोंबड्या चढत, आणि त्यांच्याबरोबर रीताची शाळाही चढत असे.

पहिली चार वर्षे माझी भरभराटीची होती. आत एकावर एक पायरीसारख्या तीन दांड्या होत्या. खाली सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, चार बोटे जाड गादी असे. उज्ज्वला दर आठवड्याला ती खालीवर करी, ओलसर दिसली की चुना भुरभुरवी. मानमोडीची लस ती तारीख लिहून देत असे. बारा कोंबड्यांमागे तिने एकच कोंबडा ठेवला होता. तांबडा, उंच तुऱ्याचा आणि स्वतःविषयी अत्यंत चांगले मत असलेला तो कोंबडा सकाळी ओट्यावर उभा राहून अंगणाची पाहणी करी, म्हणून रीताने त्याचे नाव सरपंच ठेवले होते. सरपंचाच्या पायामागचे काटे वाढले की उज्ज्वला त्यांची टोके कानशीने घासून बोथट करी. तो कोंबडीच्या पाठीवर चढतो तेव्हा टोकदार काटा तिची कातडी फाडतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, काट्याची लांबी असते. लांबी कमी केली की प्रश्न मिटतो. इतके ते सोपे होते.

आसेगावहून बाया मला पाहायला येत. "लयच हवेशीर हाये वं," असे म्हणत आणि घरी जाऊन आपापले खुराडे पूर्वीसारखेच बंद ठेवत. रीता अंगणवाडीतून पहिलीत गेली, पहिलीतून दुसरीत, आणि यंदा तिसरीत आली. पाढे ती माझ्या ओट्यावर बसून पाठ करी. सरपंच मध्येच आरवला की ती पुन्हा सातच्या पाढ्यापासून सुरुवात करी.

गेल्या वर्षी पावसाळ्यात लालसिंग तापाने गेला. दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. त्याची बायको सोनीबाई हिने हा उशीर कोणाच्याही नावावर टाकला नाही. देवाने नेले, असे म्हणाली. मात्र तेव्हापासून पावसाळ्याची तिला धास्ती बसली.

यंदा आषाढाच्या सुरुवातीला राजपालला ताप आला. त्याची खाट माझ्याशेजारच्या पडवीत टाकलेली होती, म्हणून सर्व घटनाक्रम मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाने त्याला मंगरूळपीरला नेले. रक्त तपासले, टायफाइड निघाला, तिसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोनीबाई माझ्यासमोर आली, तिने सरपंचाला दोन्ही हातांनी उचलले, खाटेवरून ओवाळले आणि देवीला म्हणाली, "माय, माह्या लेकाले उठव. दसऱ्याले हा तुले देईन. पुरा अंगाचा देईन." सातव्या दिवशी ताप उतरला.

गोळ्या तिसऱ्या दिवशी, नवस चौथ्या दिवशी. श्रेय कोणाला गेले, ते तुम्ही ओळखले असेल.

त्या दिवसापासून सरपंच हे नाव बंद झाले. तो देवीचा झाला. देवीला बोललेला जीव अंगाने पुरा असावा लागतो: तुरा फाटलेला नको, पीस उपटलेले नको, नख तुटलेले नको. म्हणजे दसऱ्यापर्यंत तीन महिने त्याच्या काट्यांना कानस लावणे बंद झाले. सोनीबाई त्याला मांडीवर घेऊन ज्वारी चारू लागली. काटे वाढत राहिले. श्रावण लागला तेव्हा त्यांना पुन्हा टोक आले होते.

चांदणी नावाची पांढरी कोंबडी रीताची लाडकी होती. तिच्या पाठीची पिसे आधी गेली, मग कातडी. उज्ज्वला तिला हातात घेऊन सासूसमोर उभी राहिली.

"याडी, पाय हे. हाड दिसून राह्यलं. निदान याले दिवसा डालग्याखाली झाकू दे."

"देवीच्या जीवाले डालग्याखाली कोंडतं? काल माह्या सपनात आला, माह्याकडं पाहून राह्यला होता."

"तो सगळ्याईकडंच पाह्यते. डोये दोन्हीकून हायेत त्याले."

"थट्टा नोको करू, उज्ज्वला. तुहा नवरा खाटेवरून उठला, ते इसरली का?"

"गोळ्यानं उठला नं, याडी."

"तुह्या सासऱ्यालेबी गोळ्या देल्ल्या होत्या."

त्या गोळ्या सहा दिवस उशिरा दिल्या होत्या. उज्ज्वलाने हे म्हटले नाही. ज्या बाईचा नवरा गेला आहे, तिला दिवस मोजून दाखवणे तिला जमले नसावे. मी तिला दोष देत नाही. पण न बोललेल्या त्या एका वाक्याची किंमत पुढे बारा जणींनी दिली.

मग झड लागली. वाशीमकडची झड तुम्हाला ठाऊक असेल: पाच-पाच दिवस सूर्य नाही, माती ओल सोडत नाही, कपडे वाळत नाहीत. सोनीबाईने राजपालची निळी ताडपत्री काढली. दर वर्षी ऊसतोडीच्या फडावर कोपीचे छप्पर होणारी हीच ताडपत्री. तिने ती माझ्यावर घातली आणि कडेकडेने सुतळीने आवळली. दोन्ही बाजूंची जाळी, म्हणजे माझे नाक, झाकले गेले.

सकाळी उज्ज्वलाने सुतळी सोडली. संध्याकाळी सोनीबाईने बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या संध्याकाळी सोनीबाईने सुतळीऐवजी तार वापरली.

"देवीच्या कोंबड्याले सरदी झाली, त कोन जबाबदार? तू?"

"हवा बंद केली, त सरदीपेक्षा वंगाळ व्हईन, याडी."

"आमी पोट्टे असे गोधडीत गुंडाळूनच वाढवले. एकबी हवेबिगर नाई मेला."

आत काय घडत होते, ते मी एकटाच जाणतो. तेरा जिवांच्या श्वासातली वाफ टिनाला लागे, तिथे तिचे थेंब होत आणि ते खालच्या कुटारावर टपकत. पाऊस अडवायला बांधलेल्या ताडपत्रीने माझ्या आत दुसरा पाऊस सुरू केला. ओल्या कुटारात विष्ठा कुजू लागली आणि तिच्यातून अमोनिया निघू लागला. तो जमिनीलगत सर्वांत दाट असतो. खालच्या दांडीवरच्या कोंबड्यांचे डोळे आधी चुरचुरले, मग सुजले, मग त्या तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या.

सरपंच मात्र ठणठणीत होता. कारण तो सर्वांत वरच्या दांडीवर, मागच्या कोपऱ्यात झोपे. ती जागा त्याने पहिल्या वर्षीच चोच मारून बळकावली होती. तिथे डोक्याशी लालसिंगने न बुजवलेले ते तळहाताएवढे भोक होते. त्या कोपऱ्यात बाभळीच्या खांबाचे टोक वर आल्यामुळे ताडपत्री नीट बसत नसे. सगळ्या खुराड्यात बाहेरची हवा येत होती ती तेवढ्याच एका जागी, आणि ती येत होती थेट त्याच्या नाकात.

पहिली गेली चांदणी. मग एका आठवड्यात आणखी तिघी, पुढच्या आठवड्यात तिघी. दर मरणाबरोबर कोंबड्यांची संख्या घटे, कोंबड्याची भूक मात्र घटत नसे. बारा पाठींवर वाटला जाणारा काटा आता पाच पाठींवर पडू लागला. अंडी थांबली. रीताने चांदणीला बांधावर पुरले आणि घरी येऊन विचारले, "मा, आता किती राह्यल्या?" उज्ज्वला अंड्यांची रिकामी टोपली पुसत राहिली. रीताला वजाबाकी येत होती.

शेजारची मोतीबाई कुडापाशी येऊन म्हणाली, "माह्या त कडूनिंबावर झोपतात, बाई. रातभर भिजतात. मरतीन म्हनलं, त एक मरत नाई."

"तुह्या कोंबड्या कोनाच्या नजरेत भरनार?" सोनीबाई म्हणाली. "नुसती हाडं त हायेत!"

मोतीबाई हसत निघून गेली. मित्रांनो, त्या अंगणात सर्वांत मौल्यवान माहिती त्या क्षणी बोलली गेली होती. तोच तांडा, तोच पाऊस. साथ असती तर झाडावरच्याही मेल्या असत्या. फरक होता तो फक्त छपराचा. ही तुलना करायला प्रयोगशाळा लागत नाही, मान वर करून झाडाकडे पाहावे लागते. सोनीबाईने फुलसिंगला बोलावले.

फुलसिंग हा तांड्यातला जाणता म्हातारा. कोणाला काय लागले, कोणाची नजर पडली, हे तो सांगतो. तो माझ्या दारापाशी वाकला, डोके आत घातले आणि झटक्यात बाहेर आला. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

"सोनी, पाय. पाय माहे डोये. देवी आतच बसेल हाये. नाराज हाये."

"काका, अमोनिया हाये तो," उज्ज्वला म्हणाली. "तुमी कांदा कापता, तवाबी देवी येते का?"

सोनीबाईने कपाळाला हात लावला. फुलसिंगने धोतराने डोळे पुसले आणि शांतपणे विचारले, "बरं. तू शिकेल हायेस. मंग सांग, तिच्या कोंबड्याले धक्काबी लागला नाई, आन् बाकीच्या काहून गेल्या?"

प्रश्न योग्य होता. मी त्याला नेहमी तेवढे श्रेय देतो. उत्तर माझ्या मागच्या कोपऱ्यात, तळहाताएवढे, उघडे होते. पण उज्ज्वला माझ्या आत झोपत नव्हती; त्या भोकाकडे तिचे कधी लक्ष गेले नव्हते. ती गप्प राहिली. तांड्यात गप्प राहणे म्हणजे हरणे. ठरले ते असे: देवी आपला जीव राखते आणि ज्या घरात तिच्यावर शंका घेतात, त्या घराचे बाकीचे नेते.

दोन दिवसांनी सोनीबाई धनजला बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेली, आठ दिवसांसाठी. तिची बस गेल्यावर तासाभरात उज्ज्वलाने पक्कडीने तार तोडली. ताडपत्री काढली, काळे पडलेले कुटार फावड्याने ओढून बाहेर टाकले, माझी जमीन चुन्याने पांढरी केली, कोरडे कुटार भरले. पाचही कोंबड्यांच्या जखमांना हळद आणि तेल लावले. मग ती कानस घेऊन बाहेर आली.

"अवो, धरा याले."

राजपालने कोंबड्याचे पाय धरले. "याडीले नोको सांगू पन," तो म्हणाला.

"मी कायले सांगू? दसऱ्यालोक वाढतीन बी. नुसतं टोक घासते."

तिने रक्त न येईल एवढेच घासले. राजपालने हात सोडले नाहीत, हे मी दोन हातांच्या अंतरावरून पाहिले आहे.

आठ दिवसांत एकही कोंबडी मेली नाही. डोळ्यांची सूज उतरली. नवव्या दिवशी सोनीबाई परत आली, कोंबड्याला मांडीवर घेतले, ज्वारी चारता चारता तिचा हात त्याच्या पायावरून फिरला, आणि थांबला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माह्या लेकाचा जीव कापला वं तू."

"याडी, नखाचं टोक हाये. तुह्या लेकानंच धरला होता. अवो, सांगा नं तुमी, कोनं धरला होता कोंबडा?"

राजपाल त्या वेळी पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने खाली पाहिले आणि अंगठ्याने माती उकरत राहिला. एक माणूस, एक वाक्य. एवढेच हवे होते. तो खोटे बोलला नाही. तो काहीच बोलला नाही.

फुलसिंग पुन्हा आला. कोंबडा खंडित झाला, आता देवी तो घेणार नाही, असे त्याने सांगितले. मग एकाच्या बदल्यात काय? त्याने माझ्यात डोकावून पाहिले. या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही, पण त्याची नोंद कोणी घेतली नाही.

"पाच हायेत नं? पाचबी द्या. पुऱ्या अंगाच्या."

उज्ज्वलाने एकच अट घातली. "दसऱ्यालोक त्या मी पाहीन. माह्या हिशोबानं. ताडपत्री लागनार नाई." आणखी मरतील या भीतीने सोनीबाई कबूल झाली. उज्ज्वलाचा हेतू मला कळत होता. दसऱ्याला दीड महिना होता. पाचही बऱ्या झाल्या, अंडी सुरू झाली, तर सासूचे मन पालटेल. पाचांच्या पुढे पंधरा होतील. रीता चौथीत जाईल. तिने पुराव्यावर विश्वास ठेवला होता. पुरावा दिला की माणूस पटतो, असे ती समजत होती. बहुधा लालसिंगमुळे तिची तशी समजूत झाली असावी.

पुरावा तिने भरपूर दिला. जाळी उघडी राहिली, गादी कोरडी राहिली, कोंबडा दिवसा डालग्याखाली राहिला. आता त्याला कोणी देवीचा म्हणत नव्हते. भाद्रपद संपता संपता पाचही पाठींवर नवी पिसे आली. आश्विनात पहिले अंडे पडले, तेव्हा रीता ते दोन्ही हातांत धरून आजीकडे धावली. "आजी, पाय! देल्लं तिनं!" सोनीबाईने अंडे घेतले, नातीच्या गालावरून हात फिरवला. मला क्षणभर वाटले, जमले.

"लय बरं झालं, बाई," सोनीबाई म्हणाली. "पुऱ्या अंगाच्या झाल्या."

दसऱ्याच्या सकाळी फुलसिंगने एकेकीची पाठ चाचपली. पीस उलटे करून पाहिले. खोट निघाली नाही. निघाली असती तर ती उरली असती. उज्ज्वलाच्या औषधपाण्याने त्या जगण्याला जितक्या योग्य झाल्या, तितक्याच देवीला देण्यालाही झाल्या. माझ्या छोट्या आयुष्यात मी याहून अचूक निष्कर्ष पाहिलेला नाही.

"याडी, पाचच राह्यल्या," उज्ज्वला म्हणाली. "त्या गेल्या, त रीताची शाळा गेली."

"पोरगा राह्यला, त शाळा बी राहीन."

उज्ज्वलाने नवऱ्याकडे पाहिले. या खेपेला राजपाल बोलला. "देऊन टाक, उज्ज्वला. माह्या जीवाचा सवाल हाये." त्याने गोळ्यांचा कोर्स पुरा केला होता, रिकामी पाकिटे माझ्या कुडात खोचलेली मी आजही सांभाळतो आहे. तरी तो घाबरलेला होता. ताप येऊन गेलेला माणूस मरणाच्या जवळ जाऊन आलेला असतो. तिथून परतताना त्याने कोणाचा हात धरला होता, हे तो पुन्हा तपासू इच्छित नाही.

कोंबड्या फुलसिंगला सापडेनात. त्या अंगणभर पळाल्या, सोयाबीनच्या गंजीत शिरल्या. शेवटी सोनीबाई म्हणाली, "उज्ज्वला, तूच बलाव. तुह्या हाताले येतात त्या."

उज्ज्वला माझ्या ओट्यावर बसली. तिने मुठीत ज्वारी घेतली आणि रोजच्यासारखे "आ, आ, आ" केले. पाचही आल्या.

त्यापुढचे मला दिसले नाही. मी मागच्या अंगणात आहे. संध्याकाळी जेवणाचा वास आला. उज्ज्वला जेवली नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक तांड्याच्या तोंडाशी आला. राजपालला या वर्षी चुलतभावाची गरज लागली नाही. कोयत्याचा दुसरा अर्धा घरातच होता. रीताने दप्तरात तिसरीची पुस्तके भरली होती. उज्ज्वलाने ती बाहेर काढून त्याच दप्तरात कपडे भरले. सामान बांधताना राजपालने विचारले, "ताडपत्री कुठं हाये?"

ती माझ्यामागे घडी करून ठेवली होती. उज्ज्वलाने उचलली, झटकली. तिच्या आतल्या बाजूला अजून पांढुरके डाग होते. तिने ती नाकाशी नेली आणि गाठोड्यात बांधली. कोपीला छप्पर हवे असते.

आता माझ्यात हवा खेळती आहे. दोन्ही बाजूंची जाळी उघडी आहे, गादी कोरडी आहे, भिंती धड आहेत. प्रशिक्षणाच्या पुस्तकात चित्र काढावे असा मी झालो आहे. कोंबडा रोज संध्याकाळी वरच्या दांडीवर, त्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथे बसण्याची आता गरज उरलेली नाही, पण सवय झाली की कोणी कारण विचारत नाही. सकाळी तो आरवतो. सोनीबाई दारातून म्हणते, "कोनाले उठवून राह्यला रे आता?" आणि त्याला ज्वारी टाकते. ती वाईट बाई नाही. तिने जे केले, ते मुलाच्या जिवासाठी केले. मला राग येतो तो याचाच. एखादा दुष्ट माणूस सापडला असता, तर तुम्हाला सांगायला सोपे गेले असते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. मला विसरलात तरी चालेल. माझ्या वाट्याला आता फक्त वाळवी आहे, आणि ती कोणाच्या बोलावण्याची वाट पाहत नाही. एवढेच करा: कोणत्याही जिवाच्या डोक्यावर छप्पर बांधाल, तेव्हा वर चार बोटे जागा सोडा. ती कशासाठी, असे कोणी विचारले, तर पुन्हा पुन्हा सांगा. पहिल्यांदा गप्प बसू नका.

फडावर आता थंडी पडू लागली असेल. कोपीत चूल पेटत असेल, पाचट ओले असेल, धूर होत असेल, आणि थंडी लागू नये म्हणून कोणीतरी ताडपत्री चारही बाजूंनी आवळून बांधत असेल. आत रीता झोपली आहे. उज्ज्वला दमलेली असते. तरी ती उठून एक कोपरा उचलून ठेवेल, असे मी धरून चालतो. याला माझ्याकडे पुरावा नाही.